पिकासोला मत आणि आमच्या भुरग्यांना बस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागणं एका बसचं आहे, शाळेतल्या भुरग्यांना, म्हणजे मुलांना, चित्रं दाखवायला नेण्यासाठी, पण सुरुवात जरा लांबून करते. मी गोव्यातल्या डिचोलीची, हायस्कुलात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून आता रिटायर झालेली. मुलगा स्वित्झर्लंडला बासेलमध्ये औषधांच्या कंपनीत आहे, गेली तीन वर्षं "आई ये, आई ये" चाललं होतं, शेवटी २०२४ च्या जूनमध्ये इकडे मिरग लागला आणि तिकडे मी पोचले. आणि पोचले ती नेमकी आर्ट बासेलच्या आठवड्यात. हे चित्रांचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन मानतात, पण प्रदर्शन म्हणण्यापेक्षा बाजार म्हणा, कारण तिथं सगळं विकायलाच ठेवलेलं असतं. १९७० साली गावातल्याच तीन गॅलरीवाल्यांनी चालू केलं तेव्हा दहा देशांतल्या ९० गॅलऱ्या होत्या, २०२४ ला २८५ होत्या.

तिकीट साठ फ्रँकच्या वर होतं, म्हणजे आपले पाच-सहा हजार. मुलगा म्हणाला आई कन्व्हर्ट करू नकोस, पण करणारच ना, कशाला खोटं बोलू. आणि आपल्याला तिकीट मिळतं ते गुरुवारपासूनचं. त्याच्या आधी दोन दिवस फक्त आमंत्रणवाले येतात, मोठे कलेक्टर, म्युझियमवाले. पहाटे धक्क्यावर घाऊकवाले इसवण उचलून नेतात आणि आपण दहा वाजता बांगडे चिवडत बसतो, तशातलाच प्रकार. बऱ्याच ठिकाणी चित्राखाली किंमतच लिहिलेली नसते, विचारावी लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव विचारल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही, पण तिथं तोंडच उघडलं नाही माझं.

अनलिमिटेड म्हणून एक वेगळा हॉल आहे, स्टॉलमध्ये मावणार नाहीत अशा अवाढव्य गोष्टींसाठी. तिथं क्रिस्टो या कलाकाराची, कापडात गुंडाळून दोरीनं आवळून बांधलेली अख्खी फोक्सवॅगन बीटल होती. आमच्याकडे पावसाळ्यात शेजारी आपली स्कूटर ताडपत्रीत अशीच बांधून ठेवतो. हसू आलं, पण दहा मिनिटं तिथून हलले पण नाही, कारण गाडी दिसत नसूनही तिचा प्रत्येक उंचवटा ओळखू येतो, डोळे बंद करून हातानं चाचपल्यासारखं वाटतं. वर्गात मी भुरग्यांना कापडाच्या घड्या काढायला लावायची तेव्हा हेच तर सांगायची की कापड काढू नका, कापडाच्या आत काय आहे ते काढा. आणि अशा छताला टांगलेल्या मोठमोठ्या कामांखालून फिरताना सारखी आमची चवथीची माटोळी आठवत होती, गणपतीच्या डोक्यावर रानफळांची बांधतात ती. रानातनं कांगणी, घागऱ्या, आंबाडे, काय काय आणून बांधतो आपण, आणि दीड दिवसात उतरवतो. त्याला इन्स्टॉलेशन म्हणायचं आपल्याला कधी सुचलं नाही इतकंच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते फुकटातलं. हॉलच्या बाहेर चौक आहे, ट्राम जाते तिथून, त्या चौकात चक्क गव्हाचं शेत! ॲग्नेस डेनेस नावाच्या, तेव्हा ९३ वर्षांच्या बाईंचं काम. यांनी १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या टोकाला, भराव घालून तयार केलेल्या करोडोंच्या जमिनीवर, वॉल स्ट्रीटच्या नाकासमोर दोन एकर गहू पेरला होता आणि कापलाही होता. त्याचीच आठवण म्हणून २०२४ ला बासेलच्या चौकात गहू. महागड्या सुटातली माणसं त्या लोंब्यांना हात लावून बघत होती. मी शेतकऱ्याच्या घरातली, मला लोंबीचं काय कौतुक, पण डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कारणानं. तिथं भरावावर शेत केलं म्हणून ती कला झाली, आमच्याकडे बांधकामासाठी शेतात भराव घालतात त्याला जमिनीचं कन्व्हर्जन म्हणतात. असो, तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि मी एकटीच कुन्स्टम्युझियमला गेले, तिथलं गावचं म्युझियम. १६६१ साली गावानं आणि युनिव्हर्सिटीनं मिळून एका घराण्याचा संग्रह विकत घेतला त्याच्यातनं झालेलं. तिथं पिकासोचं 'दोघे भाऊ' आहे, १९०६ सालचं, मोठ्या भावाच्या पाठीवर धाकटा बसलाय, सगळा रंग भाजलेल्या मातीचा. आमच्या सत्तरी तालुक्यातली भुरगी पावसात व्हाळ ओलांडताना धाकट्याला अशीच पाठीवर घेतात. चित्रासमोर जमिनीवर पंधरा-वीस शाळकरी पोरं बसली होती, मांडीवर कागद आणि हातात नुसती पेन्सिल. एक पोरगी सगळं चित्र सोडून फक्त त्या धाकट्याचा गळ्यात टाकलेला हात काढत होती, खोडून खोडून कागद मऊ झालेला. टीचर मागं उभी होती, गप्प. मी तिच्या जागी असते तर गप्प बसले नसते, चूकच केली असती.

या चित्राची गोष्ट मला मुलानं संध्याकाळी सांगितली आणि त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. हे चित्र आणि पिकासोचंच आणखी एक, बसलेला विदूषक, ही दोन्ही तिथल्या एका घराण्याची होती, म्युझियममध्ये नुसती ठेवायला दिलेली. १९६७ साली त्या घराण्यातल्या एकाचा पैसा ज्या विमान कंपनीत होता तिचं विमान सायप्रसला पडलं, पैसा उभा करायची वेळ आली, चित्रं विकायला निघाली. दोन्हींचे ८४ लाख फ्रँक. सरकार म्हणालं ६० लाख आम्ही देतो, उरलेले २४ लाख लोकांनी जमवायचे. लोकांनी रस्त्यावर उत्सव केला, त्याला नावच भिकाऱ्यांचा उत्सव, आणि जमवले! पण करदात्याच्या पैशातनं चित्रं कशाला म्हणणारे तिथंही होतेच, त्यांनी सह्या गोळा करून मतदान घ्यायला लावलं. डिसेंबर १९६७ मध्ये गावानं मत दिलं, चित्रं घ्या म्हणून. पिकासो तेव्हा जिवंत होता, त्याला इतका आनंद झाला की त्यानं आपली आणखी चार कामं गावाला फुकट देऊन टाकली.

१९६७ म्हटल्यावर मला काय आठवणार? आपला ओपिनियन पोल! १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, फूल की दोन पानं. मी तेव्हा सहा वर्षांची, बाबांच्या खांद्यावर बसून केंद्रापर्यंत गेलेली. त्यांनी कुठे शिक्का मारला ते आता उकरून काढत नाही, तुमच्या पेपरात पुन्हा दोन महिने पत्रांची लढाई व्हायची. म्हणायचं एवढंच की एकाच वर्षी आम्ही जमिनीसाठी मत दिलं आणि त्यांनी चित्रासाठी दिलं, आणि आमचं चुकलं असंही नाही, आधी घर पाहिजे मग भिंतीवर चित्र. पण घर होऊनही आता पन्नासच्या वर वर्षं झाली ना?

२०२४ म्हणजे साळगावच्या चित्रकार सूझांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, आणि मूळ गोव्याच्या घराण्यातले चित्रकार गायतोंडे, त्यांचीही शताब्दी त्याच वर्षी नोव्हेंबरात. गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. बातमी सगळ्यांनी वाचली, पण चित्र किती जणांनी बघितलं? मी तीस वर्षं सूझा शिकवला तो पुस्तकातल्या फोटोवरनं, आणि नंतर नंतर त्या फोटोच्या झेरॉक्सवरनं. काळं आणि करडं. रंगाचा विषय झेरॉक्सवर शिकवत होते मी, आता सांगताना लाज वाटते.

एकदा मात्र नेलं होतं मुलांना. पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव भरतो, २०१६ पासून, जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या बिल्डिंगीत, फुकट बघायला मिळतो. बससाठी एका कचेरीत अर्ज दिला, त्यांनी दुसऱ्या कचेरीत पाठवलं, दुसरीनं सांगितलं की ही शैक्षणिक सहल धरता येत नाही कारण कार्यक्रमाच्या नावात फेस्टिव्हल आहे. मग नेली अशीच साध्या बसनं, अर्धी उभी. तिथं सत्तरी तालुक्यातला एक मुलगा एका तैलचित्राच्या इतका जवळ गेला की मी ओरडणारच होते, तेवढ्यात तो मागं वळून म्हणाला, "टीचर, हाका वास येता!" त्याला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं की चित्राला वास असतो. कुठून असणार, मी कधी दिला होता?

आम्हाला आर्ट बासेल नको, इथल्या ट्रॅफिकला ते झेपणारही नाही. पिकासोसाठी मतदानही नको. सरकारी हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या मुलांना, डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोण इकडच्या, वर्षातनं एक दिवस बस द्या, पणजीपर्यंत, अर्ज एकाच कचेरीत. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये चित्रकार आंतोनियु त्रिंदाद यांची चित्रं आहेत, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, आल्तिनोला सुनापरांत कला केंद्र आहे, आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी आहेच. बघायला पुष्कळ आहे, जायचंच वांधं आहे.

आता जुलै चालू आहे. डिसेंबरची बस आत्ता मंजूर झाली तर शाळांना पत्रं वेळेवर जातील. सोबत यायला मी तयार आहे, माझ्यासारख्या आणखी दोन-तीन रिटायर टीचर तयार आहेत, पेन्सिली आणि कागद आमच्याकडून. मुलांचे डबेही बघू काय ते.

आपली,
एक निवृत्त ड्रॉइंग टीचर, डिचोली