अयुत्थया, ब्रह्मी राजे आणि माणसांसाठी झालेली युद्धे

बँकॉक

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. ब्रह्मदेश आणि सयाम (आजचे थायलंड) ही दोन्ही बौद्ध राज्ये असताना ती तीनशे वर्षे एकमेकांशी का लढत राहिली, असे आपण विचारले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या लढायांत जमिनीपेक्षा माणसांना अधिक किंमत होती. या भागात सुपीक जमीन मुबलक होती. तुटवडा होता तो ती कसणाऱ्यांचा, वेठीला राबणाऱ्यांचा आणि सैन्यात भरती करता येईल अशा पुरुषांचा. म्हणून जिंकलेल्या शहरातून खजिन्याबरोबर कारागीर, नर्तक, माहूत आणि शेतकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे हाकून नेली जात. यात सयामी राजेही मागे नव्हते. लाओ आणि ख्मेर मुलुखांतून त्यांनीही असेच लोक आणले.

धर्म एकच असल्यामुळे वैर कमी न होता उलट धारदार झाले, असे मला वाटते. दोन्हीकडचे राजे स्वतःला चक्रवर्ती समजत आणि पांढरा हत्ती हे त्या पदाचे लक्षण मानले जाई. सयामची तेव्हाची राजधानी अयुत्थया. तिथला राजा महाचक्रफत याच्याकडे असे अनेक हत्ती होते. पेगू ही राजधानी असलेल्या ब्रह्मी राजा बायिन्नाउंगने त्यांपैकी दोन मागितले, नकार मिळताच १५६३ मध्ये स्वारी केली आणि शेवटी चार हत्ती व राजपुत्र ओलीस घेऊन तो परतला. हत्ती हे अर्थात निमित्त होते. मागणी मान्य करणे म्हणजे मांडलिकत्व पत्करणे, हे दोघेही जाणून होते. पुढे १५६९ मध्ये अयुत्थया पडलेच. लहानपणी पेगूला ओलीस राहिलेल्या सयामी राजपुत्र नरेसुआनने १५८४ मध्ये ते जोखड झुगारले. १५९३ च्या नोंग सराईच्या लढाईत ब्रह्मी युवराज मिंजी स्वा मारला गेला. थाई बखरी म्हणतात की नरेसुआनने हत्तीवरून द्वंद्वयुद्धात त्याला मारले. ब्रह्मी बखरींच्या मते तो गोळी लागून पडला. थायलंडचा सैन्यदल दिन मात्र त्या द्वंद्वाच्या स्मरणार्थच १८ जानेवारीला पाळतात.

खरा घाव बसला तो अठराव्या शतकात. आपल्याकडे पानिपत होण्याच्या काही महिने आधी, १७६० मध्ये, ब्रह्मी राजा अलाउंगपायाने अयुत्थयाला वेढा घातला होता. परतीच्या वाटेवर तो मरण पावला. त्याचा मुलगा सिनब्युशिन याने ते काम पुन्हा हाती घेतले. एक फौज उत्तरेकडून, लान ना (आजचा उत्तर थायलंड) प्रांतातली माणसे बरोबर घेऊन उतरली आणि दुसरी दक्षिणेकडून, ब्रह्मी किनाऱ्यावरील तव्हॉयच्या बाजूने आली. अयुत्थया तीन नद्यांच्या वेढ्यात वसलेले बेट आहे. पावसाळ्याच्या अखेरीस भोवतालचे सारे मैदान पाण्याखाली जाई आणि शत्रूला तळ उठवावा लागे. शहराचा खरा तट तो पूरच होता. १७६६ मध्ये ब्रह्मी सेनापती हटले नाहीत. उंचवट्यांवर आणि देवळांच्या आवारांत तळ हलवून, होड्या जमवून त्यांनी पाणी ओसरण्याची वाट पाहिली आणि त्यानंतर तटाखाली भुयारे खणून आगी लावल्या. चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर ७ एप्रिल १७६७ रोजी शहर पडले व जाळले गेले. वाट फ्रा सी सानफेत या राजमंदिरातील उंच बुद्धमूर्तीवरचे सोने वितळवून काढण्यात आले. इथे सगळा दोष तेव्हाच्या एकाथात राजाच्या नाकर्तेपणावर ढकलण्याची रीत आहे. मला तो निवाडा फार सोपा वाटतो, कारण ज्या पुरावर चारशे वर्षे भिस्त ठेवली तोच कुचकामी ठरल्यावर कोणाही राजाची तारांबळ उडाली असती.

ब्रह्मी फौजेला हा विजय पचवता आला नाही, कारण त्याच वेळी चीनच्या सैन्याने उत्तरेकडून आक्रमण केले होते आणि बहुतेक सैन्य तिकडे वळवावे लागले. त्याच वर्षी सयामी सेनानी ताक्सिनने मुलूख परत मिळवून थोनबुरीला राजधानी केली. पकडून नेलेले लोक मात्र परतले नाहीत. त्यांनी नेलेले नाट्य व संगीत ब्रह्मी दरबारात रुजले आणि तिथे रामायणाचे प्रयोग त्यांच्याच वळणाने होऊ लागले. मंडालेच्या महामुनी मंदिरातील कांस्यमूर्तींचा प्रवासही असाच झाला: त्या अंगकोरहून अयुत्थयाला, तेथून पेगूला, मग आराकानला आणि शेवटी ब्रह्मी राजधानीला लूट म्हणून गेल्या.

रत्नागिरीला नजरकैदेत राहिलेल्या आपल्या थिबा राजाचे घराणे म्हणजे याच अलाउंगपायाचा वंश. १७८५ मध्ये त्याच घराण्यातील बोदॉपायाने नऊ फौजा पाठवून सयाम पुन्हा घेण्याचा प्रयत्न केला व तो फसला. पुढे १८२६ मध्ये इंग्रजांनी तेनासरीमचा किनारा घेतल्यावर, ज्या खिंडींतून या फौजा ये-जा करत त्यांच्या पलीकडे ब्रह्मी सत्ताच उरली नाही. सयामने १८५० च्या सुमारास शान डोंगरातील केंगतुंगवर स्वाऱ्या केल्या, पण त्यांतून काही हाती लागले नाही.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
दिनू