साहित्याचा पदवीधर आणि कायद्याचे अध्यापन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पीयूसीचे (बारावीचे) आणि पदवीचे निकाल लागले की सीमाभागातील वृत्तपत्रांत करिअर मार्गदर्शनाची पाने सुरू होतात. मराठी किंवा इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्या मुलामुलींना त्यांत बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि फार तर पत्रकारिता एवढेच मार्ग सांगितलेले असतात. कायद्याचे अध्यापन हा मार्ग माझ्या वाचनात तरी आलेला नाही. साहित्याचा कोणी विद्यार्थी एल्एल.बी.ला गेलाच, तर ‘मग आधीची वर्षे कशाला घालवलीस?’ असे घरचेच ऐकवतात. माझ्या मते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याला साहित्य शिकून कायद्याकडे वळलेल्या शिक्षकांची इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक गरज आहे.

बेळगावला कायद्याचे शिक्षण नवे नाही. कर्नाटक लॉ सोसायटीचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून येथे आहे आणि ई. एस. वेंकटरामय्या व एस. राजेंद्र बाबू हे त्याचे दोन विद्यार्थी पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. पण आज या भागातून कायद्याच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती पाहावी. त्याच्या घरात मराठी, शाळा मराठी किंवा कन्नड माध्यमाची, कायद्याची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत, तालुका न्यायालयातील कामकाज मोठ्या प्रमाणात कन्नडमध्ये आणि अपिलासाठी धारवाड खंडपीठात जायचे, तर राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार तेथील भाषा इंग्रजी. शिवाय त्याच्या पहिल्या पक्षकाराच्या ट्रंकेतून निघणारी वाटणीपत्रे आणि खरेदीखते मुंबई राज्याच्या काळातील मराठी, त्याआधीची असतील तर मोडी. एखाद्या वाटणीपत्रात ‘पूर्वेकडील घर, त्यालगतचे परडे व विहीर निम्मी’ असे लिहिलेले असते. निम्मी फक्त विहीर की परडेही? या एका ओळीवरून दोन भावांची मुले वीस वर्षे कोर्टात चकरा मारू शकतात. ही ओळ कशी वाचायची, शेजारच्या ओळींवरून तिचा अर्थ कसा लावायचा, लिहिणाऱ्याची लेखनाची सवय कशी ओळखायची, हे साहित्याच्या वर्गात कवितेवर आणि गद्यउताऱ्यावर वर्षानुवर्षे घोटून घेतलेले असते. कायद्याच्या अभ्यासक्रमात कायद्यांचे अर्थनिर्णयन असते, दावा व दस्तऐवज लिहिण्याची सक्तीची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. हे विषय कलमे पाठ करून येत नाहीत, आणि ते जीव ओतून शिकवणारे शिक्षक फार थोडे असतात, हे वकील मंडळी खासगीत मान्य करतात.

आपल्या भाषेत याचे मोठे उदाहरण आहे. पांडुरंग वामन काणे यांनी संस्कृत आणि इंग्रजी घेऊन एम.ए. केले, रत्नागिरीच्या शाळेत शिकवले, त्यानंतर एल्एल.बी. व एल्एल.एम. होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते कायद्याचे प्राध्यापक होते. संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास लिहिणारा माणूस आणि १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड सिद्ध करणारा माणूस एकच. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. ते साहित्याकडून कायद्याकडे आले होते, हे मात्र शाळेच्या पुस्तकातील धड्यात राहून जाते. अमेरिकेत जेम्स बॉइड व्हाइट यांनी हार्वर्डला इंग्रजी साहित्यात एम.ए. करून मग कायद्याची पदवी घेतली आणि मिशिगन विद्यापीठात ते कायदा व इंग्रजी या दोन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. १९७३ च्या त्यांच्या ग्रंथानंतर कायदा आणि साहित्य हा तिकडे स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून रुजला. आपल्याकडे मात्र पाच वर्षांच्या बी.ए. एल्एल.बी.मध्ये इंग्रजी शिकवणाऱ्याला अनेक ठिकाणी वेळापत्रकातली रिकामी जागा भरणारा समजले जाते.

मार्ग कसा आहे, तेही सांगतो, कारण अर्धवट माहितीमुळे मुले फसतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कोणत्याही शाखेच्या पदवीधराला (सर्वसाधारण गटात ४५ टक्के गुण असल्यास) तीन वर्षांच्या एल्एल.बी.ला प्रवेश मिळू शकतो. नियमित एम.ए. आणि नियमित एल्एल.बी. एकाच वेळी करण्यास हेच नियम मनाई करतात, म्हणून आधी काय करायचे ते ठरवावे लागते. साहित्यातील नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कायद्याच्या पदासाठी उपयोगी पडत नाही. त्यासाठी ५५ टक्के गुणांसह एल्एल.एम. आणि कायद्यातील नेट किंवा पीएच.डी. लागते. म्हणजे बी.ए.नंतर किमान चार-पाच वर्षे, एम.ए. केले तर सहा-सात. शेतकरी किंवा हातमागावरच्या कुटुंबाला हा काळ परवडणारा नाही, ही खरी अडचण आहे आणि ती झाकून मार्गदर्शन करू नये. परंतु मधला एक मार्ग फारसा कोणाला माहीत नसतो. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नसली, तरी १९७९ च्या नियमांनुसार वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. सकाळी महाविद्यालय आणि दुपारी कोर्ट, अशी सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य आहे.

भाषिक अल्पसंख्याकांसंबंधीची २९, ३०, ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आमच्याकडे चहाच्या टपरीवर चर्चिली जातात आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमादाव्यामुळे राज्याराज्यांतील वादांचे १३१ वे कलमही लोकांच्या तोंडी आहे. इतकी कायद्याची ओढ असलेल्या समाजातून कायद्याचे मराठी भाषक शिक्षक मोजकेच निघावेत, हे मला खटकते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, परिसंवादासाठी दरवर्षीचेच विषय न घेता एक सत्र साहित्याच्या पदवीधरांसाठी असलेल्या कायद्याच्या अध्यापनाला द्यावे आणि त्यात पुढाऱ्यांऐवजी हा मार्ग स्वतः चाललेले शिक्षक, वकील आणि एल्एल.एम. करणारे विद्यार्थी बोलवावेत. आपल्या दैनिकानेही करिअरच्या पानावर एल्एल.बी., एल्एल.एम. आणि नेटची पात्रता, मुदती व शिष्यवृत्त्या यांची माहिती प्रवेश सुरू होण्याआधी मराठीत छापावी. मुदत टळल्यानंतर छापलेल्या माहितीचा विद्यार्थ्यांना उपयोग होत नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव