रेवू, मॅथ्स सोडू नकोस

प्रिय रेवू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. आर्ट्सला इतिहास, सायकॉलॉजी आणि वर मॅथ्स घेतलंस म्हणून घरचे, क्लासवाले, शेजारच्या काकू सगळे एकच विचारतायत, आर्ट्सला मॅथ्स कशाला गं? आणि मध्ये दोन वर्षं घरी गेल्यामुळे आता तुलाच वाटायला लागलंय की तीन विषय तीन दिशांना ओढतायत आणि आपल्याला काही हे झेपायचं नाही. टाइप करून दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून पत्रच लिहायला बसले. तर आधी सरळ सांगते, मॅथ्स सोडू नकोस. मी पण हेच तीन विषय घेऊन बारावी झाले आणि आता सायकॉलॉजीत बीए करताना मला रोज दिसतंय की हे तिन्ही एकमेकांना धरूनच आहेत, फक्त आपल्याला ते तीन वेगळ्या पुस्तकांत मिळतात.

बुद्धिमत्तेचा धडा काढ बघू. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन, १९०५, पहिली चाचणी. तुम्ही पाठ काय करता, तर नाव आणि साल. पण बिनेला ती चाचणी कशाला हवी होती माहितीये? पॅरिसच्या शाळांमध्ये मागे पडणारी मुलं वेळेत ओळखून त्यांना जास्तीची मदत मिळावी म्हणून. आता इतिहासाचं पुस्तक उघड, पहिलं महायुद्ध, १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. तिथे रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली सैनिकांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या, लिहितावाचता येणाऱ्यांना आर्मी अल्फा आणि न येणाऱ्यांना चित्रांची आर्मी बीटा, जवळजवळ सतरा लाख सैनिकांची परीक्षा! आणि अल्फामधले बरेच प्रश्न असे की जो अमेरिकेत वाढलाय त्यालाच यावेत. मग नुकते युरोपातून आलेले लोक कमी मार्क पाडणार नाही तर काय? जे जास्त वर्षं अमेरिकेत राहिले त्यांचे मार्क जास्त येत होते, म्हणजे कारण समोर दिसत होतं, तरी दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारी माणसं मुळातच कमी बुद्धीची असतात असं त्यावरून छापलं गेलं. मदतीसाठी केलेली गोष्ट बारा-पंधरा वर्षांत माणसांना दारातच अडवायच्या कामी यायला लागली, मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार राग आला होता आणि अजून येतो. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेच्या चाचणीची बॉम्बे-कर्नाटक आवृत्ती तयार केली ती का महत्त्वाची हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही, आपल्या मुलाला आपल्या भाषेत आणि त्याला माहीत असलेल्या गोष्टींवरच विचारायला पाहिजे ना.

आणि मॅथ्स कुठे आलं, तर बुद्ध्यंकाचा तो घंटेसारखा आलेख आहे ना, सरासरी १००, प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते माप, बहुतेक चाचण्यांत १५, म्हणून ८५ ते ११५ च्या मध्ये साधारण ६८ टक्के लोक. सायकॉलॉजीवाल्या मुली हे ६८ पाठ करतात. तुझ्या मॅथ्समध्ये शेवटचा धडा बायनोमियल डिस्ट्रिब्युशन आहे, त्यात नाणी वाढवत जा, दहा, वीस, पन्नास, आणि किती छापे पडायची किती शक्यता याचे खांब काढत जा, तोच आलेख हळूहळू तुझ्या वहीत उभा राहतो. तुला तो आकार कुठून आला हे कळतं आणि बाकीच्यांना फक्त आकडा येतो. पुढे बीएला स्टॅटिस्टिक्स आलं की आर्ट्सची निम्मी वर्ग-मंडळी घाबरतात गं, तू घाबरणार नाहीस, हे मी डोळ्यासमोर बघतेय म्हणून सांगतेय.

आता अभ्यास कसा करायचा, तू तेच विचारलं होतंस आणि मी भलतीकडेच गेले. तू म्हणालीस की धडा चार वेळा वाचते, हायलाइट करते, रात्री येतो आणि आठवड्यानं कोरा. याच्यावरच २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग पुस्तक बंद करून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि गंमत बघ, आपल्याला छान आठवणार असं जास्त खात्रीनं कोण म्हणत होतं, तर वाचणारेच. चौथ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच आलं म्हणतो. म्हणून माझं ऐक, हायलाइटर ठेवून दे ड्रॉवरमध्ये. एकदा नीट वाच, पुस्तक मिट, कोऱ्या पानावर लिही, मग उघडून जे राहिलं ते वेगळ्या पेनानं भर. डोकं दुखतं असं करताना, वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त, पण ते दुखणंच कामाचं आहे.

इतिहासात तर हे असं करशील तेव्हा सालं आपोआप माळेत बसतील. कलोनिअलिझम आणि मराठे हा धडा घे. सुरत, पुरंदर, सालबाई, वसई असे नुसते तह पाठ करायला गेलीस तर परीक्षेत पुरंदर आधी की सुरत आधी यातच जीव जाणार. त्यापेक्षा "मग काय झालं" असं स्वतःलाच विचारत जा. १७७२ ला थोरले माधवराव गेले, पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून, मग राघोबादादांना गादी पाहिजे म्हणून ते मुंबईकर इंग्रजांकडे, त्यातून १७७५ चा सुरतेचा तह, तो कलकत्त्याच्या वरिष्ठांना पसंत नाही म्हणून १७७६ ला पुरंदर, तरी मुंबईकर गप्प बसले नाहीत आणि १७७९ ला वडगावला कोंडीत सापडले, आणि शेवटी १७८२ ला सालबाई. नंतरचं पण तसंच, १८०० ला नाना फडणवीस गेले, सावरणारं कुणी उरलं नाही, १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकर जिंकले, दुसरा बाजीराव पुण्यातून पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तह करून बसला. एवढं एकदा तोंडानं आईला सांगून बघ, भांडी घासतानासुद्धा सांगता येतं. जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये लिहिलं होतं की एका वेळी डोक्यात सातेक गोष्टीच मावतात, पण सात तहांची एक गोष्ट झाली की ती एकच गोष्ट धरली जाते.

अजून एक, इतिहासाची साधनं हा भाग मुलं सोडून देतात, तू सोडू नकोस कारण तिथे सायकॉलॉजी येते. लॉफ्टस आणि पामर, १९७४. लोकांना अपघाताची फिल्म दाखवली आणि गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता, किंवा गाड्यांचा "चक्काचूर" झाला तेव्हा किती होता, असा एक शब्द बदलून विचारलं. चक्काचूरवाल्यांनी वेग जास्त सांगितला आणि आठवड्यानं त्यातल्या जास्त लोकांना फुटलेल्या काचासुद्धा आठवल्या, फिल्ममध्ये काच नव्हतीच. आता पानिपतावरचा काशीराज पंडितांचा वृत्तांत घे, ते अवधचा नवाब सुजाउद्दौला याच्या पदरी होते, लढाई जवळून बघितलेला माणूस, पण लिहिलं साधारण वीस वर्षांनी. तो खोटा म्हणून टाकून द्यायचा नाही आणि डोळे मिटून खरा पण मानायचा नाही, कुणाच्या बाजूनं, किती वर्षांनी, कुणासाठी लिहिलं हे विचारायचं. उत्तरात हे दोन वाक्यांत आलं तर तपासणाऱ्याला कळतं की पोरीनं विचार केलाय.

मॅथ्सचं थोडक्यात. डेरिव्हेटिव्हचा धडा संपवला, मग इंटिग्रेशनचा संपवला, असं एकेका प्रकाराची वीस-वीस गणितं ओळीनं सोडवू नकोस. त्यात कुठली पद्धत वापरायची हे आधीच माहीत असतं आणि पेपरात नेमकं तेच ओळखायचं असतं. रोरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात ओळीनं सोडवणारी मुलं सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर होती आणि आठवड्यानं २० वर आली, मिसळून सोडवणारी सरावात ६० होती आणि आठवड्यानं ६३. तेव्हा चिठ्ठ्या कर, डबीत टाक, एक मॅट्रिक्सचं, एक व्हेक्टरचं, एक इंटिग्रेशनचं असं जे हाताला येईल ते. आणि एमसीक्यूला अंदाज मारू म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे दाखव: आठ प्रश्न, चार-चार पर्याय, सगळे डोळे झाकून मारले तर निम्मे तरी बरोबर यायची शक्यता ७४५९ भागिले ६५५३६, म्हणजे जेमतेम ११ टक्के. तुझ्याच शेवटच्या धड्यातलं गणित आहे, करून बघ.

आता त्या दोन वर्षांबद्दल. तू म्हणालीस सगळं पुसलं गेलंय. एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त जातात आणि महिन्यानं पाचवा हिस्सा उरतो, हा विसरण्याचा वक्र सगळ्यांना माहितीये. पण त्यानं मोजलं काय होतं ते कुणी सांगत नाही. त्यानं मोजलं होतं की तेच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागला. म्हणजे आठवत नाहीये असं वाटतं तेव्हासुद्धा आत काहीतरी उरलेलं असतं आणि ते दुसऱ्यांदा लवकर येतं. दहावीची ट्रिग्नॉमेट्री उघडलीस तेव्हा दोन दिवसांत परत आली असं तूच मेसेजमध्ये सांगितलंस ना? ती हीच वेळेची बचत. तुझी वर्षं वाया गेलेली नाहीत रेवू, मी तुझी समजूत काढायला हे लिहीत नाहीये, मला खरंच तसं वाटतं.

दिवाळीत मी सांगलीला येतेय. तोवर त्या डबीत निदान तीन धड्यांच्या चिठ्ठ्या भरून ठेव आणि खडकीच्या लढाईपर्यंतची साखळी तयार ठेव, मी मध्येच कुठूनही विचारणार, वडगावनंतर काय, नानांच्या आधी काय. माझ्या जुन्या सायकॉलॉजीच्या वह्या पण आणते, प्रोजेक्टच्या वीस मार्कांना उपयोगी पडतील. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
पमा