बडोदे–अहमदाबाद रोजच्या प्रवासासाठी कोणती गाडी घ्यावी : मित्रास पत्र

दांडिया बाजार, बडोदे
८ डिसेंबर २०२४

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. काकूंनी इथले घर सोडणार नाही असे निक्षून सांगितल्यामुळे मार्चपासून तू पुण्याचे बिऱ्हाड मोडून इकडे येणार आणि नोकरीसाठी रोज अहमदाबादेस जा-ये करणार, हे वाचून मला किती आनंद झाला ते काय सांगू! पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, की कॉलेजात असल्यापासून मनात असलेली हॉट हॅच, म्हणजे जोरकस इंजिनाची छोटी घरगुती गाडी, आता घ्यावी का, एक्सप्रेसवेच्या रोजच्या धावपळीत ती निभेल का, आणि घ्यायची तर कोणती. आगगाडीचा पास काढ असे मी प्रथम लिहिणार होतो. पण कार्यालयातून सुटण्याची तुझी वेळ निश्चित नाही, तेव्हा तो विषय सोडतो. हा रस्ता मी नऊ वर्षे दोन गाड्यांनी तुडवला आहे, म्हणून जे अनुभवले तेच सविस्तर लिहितो.

आधी अंतराचा हिशेब मांडून पाहा. एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरांचा आहे. घरापासून एक्सप्रेसवेच्या तोंडाशी असलेल्या दुमाडपर्यंतचा आणि तिकडे तो संपतो त्या सीटीएमपासून तुझ्या कार्यालयापर्यंतचा शहरातला भाग धरला, तर एका बाजूचे ११० किलोमीटर होतील. आठवड्याचे चार दिवस आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तरी ४२ हजार किलोमीटर भरतात. सामान्य कुटुंबाची गाडी जेवढी तीन-चार वर्षांत चालते तेवढी तुझी एका वर्षात चालेल. लिटरला १७ किलोमीटर देणारी गाडी आणि १४ देणारी गाडी यांच्यात वर्षाकाठी पाचशेहून अधिक लिटर पेट्रोलचा, म्हणजे आजच्या भावाने सुमारे पन्नास हजार रुपयांचा फरक पडेल. या गाड्यांना साधारणपणे तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी वॉरंटी असते. तुझ्या बाबतीत किलोमीटरांची अट अडीच वर्षांच्या आतच पुरी होईल. पुढे मी जे सुचवणार आहे त्यामागे हा हिशेब आहे.

आता रस्त्याविषयी. सरळ, सपाट रस्त्याला जोरकस इंजिन कशाला हवे, असे तुला कोणीही विचारील आणि तो प्रश्न वरवर योग्यही वाटेल. परंतु या रस्त्यावर एका दिशेला दोनच लेन आहेत. ताशी ७० ने चाललेल्या ट्रकला ७५ ने चाललेला दुसरा ट्रक ओलांडू लागला, की उजवी लेन दीड-दोन मिनिटे अडते आणि मागच्या सगळ्या गाड्या शंभरावरून सत्तरावर येतात. ट्रक डावीकडे सरकला की पुन्हा शंभर गाठायचे, कारण मागून बस दिवे चमकवत असते. एका फेरीत हे पंधरा-वीस वेळा घडते. माझ्या पहिल्या गाडीचे इंजिन १.२ लिटरचे, टर्बोविना, म्हणजे जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याविना होते. त्याचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या वर गेल्यावर मिळे. त्यामुळे प्रत्येक वेळी पाचव्या गियरवरून तिसऱ्यावर यावे लागे, इंजिन ओरडे आणि तरीही वेग सावकाशच चढे. घरी पोहोचेपर्यंत डोके भणभणलेले असे. २०२० च्या अखेरीस मी फोक्सवॅगन पोलोची एक लिटरची टीएसआय, म्हणजे टर्बो जोडलेली, सहा गियरची मॅन्युअल घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फरक उमगला. तिचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क १७५० फेऱ्यांपासून ४००० पर्यंत सारखा मिळतो. पाचव्या गियरमध्ये पाय किंचित दाबला की गाडी सत्तरावरून शंभरावर शांतपणे येते. गाडीची खरी ताकद मी यालाच मानतो. शून्यापासून शंभर किती सेकंदांत, हा आकडा तू जाहिरातीत वाचशील. पण टोलनाक्यावरून निघताना सोडले तर त्याची तुला कधी गरज पडणार नाही.

मूळ हॉट हॅच याच गुणासाठी जन्माला आली, असे मला वाटते. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली, तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११० पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढीच अश्वशक्ती) होती आणि वजन जेमतेम ८०० किलोंच्या घरात. घरगुती डबा तोच ठेवून त्यात तगडे इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन बसवले, की जर्मनीच्या ऑटोबानवर मोठमोठ्या गाड्यांच्या बरोबरीने राहता येते, हे तिने दाखवून दिले. आपल्याकडे या जातीला कराच्या नियमांनी वेगळे वळण दिले. आजच्या, म्हणजे २०२४ च्या, नियमांप्रमाणे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटीवरचा उपकर एकच टक्का लागतो. त्यापलीकडे गेले की तो एकदम चढतो. म्हणून इथल्या कंपन्या छोट्या इंजिनाला टर्बो जोडून १२० पीएसपर्यंत नेतात आणि तिथे थांबतात. युरोपातील अडीचशे पीएसच्या गाड्यांची चित्रे पाहून तू हळहळू नकोस. या रस्त्यावर १२० पीएस पुरून उरतात.

शंभराऐवजी १२० ने जाऊन वेळ वाचवीन, हे वेगाविषयी तू लिहिलेले वाक्य मला खटकले, म्हणून स्पष्ट लिहितो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते; शंभराऐवजी १२० ने गेलास तर हवा कापायला पावणेदोनपट शक्ती लागेल आणि पेट्रोलचा काटा ते लगेच दाखवील. त्या बदल्यात ९३ किलोमीटरांत वाचतात अवघी नऊ मिनिटे, आणि ती सीटीएमच्या पहिल्याच सिग्नलला संपतात. काकू गॅलरीत उभ्या राहून तुझी वाट पाहतील हे मला माहीत आहे. शंभराच्या वर जाऊ नकोस, ही माझी तुला कळकळीची विनंती आहे.

नव्या गाड्यांपैकी विचार करण्यासारख्या मला दोनच दिसतात. पहिली ह्युंदाईची आय-२० एन लाइन : ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सहा एअरबॅग आणि २०२३ च्या नव्या आवृत्तीपासून सहा गियरची पुरी मॅन्युअल. दुसरी टाटाची अल्ट्रोझ रेसर, जी याच वर्षी जूनमध्ये आली : ११९९ सीसी, १२० पीएस, १७० न्यूटन मीटर, सहा गियर, सहा एअरबॅग. दोन्हींची टाकी ३७ लिटरांची आहे, तेव्हा दर दोन दिवसांनी पेट्रोल भरण्याची तयारी ठेव.

मी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. आय-२० ची सुकाणूची पकड वेग वाढला की भारदस्त होते. मही नदीच्या पुलावर आडवा वारा लागला तेव्हा हातांना सतत दुरुस्ती करावी लागली नाही. तिचे सस्पेन्शन घट्ट आहे आणि पुलांचे सांधे ती एका ठोक्यात ओलांडते, दुसरा हेलकावा येत नाही. मात्र हाच घट्टपणा रावपुऱ्यातल्या खणलेल्या रस्त्यावर पाठीला जाणवेल. अल्ट्रोझचे सस्पेन्शन अधिक मऊ आणि मागची जागा ऐसपैस वाटली. शिवाय तिचे दरवाजे ९० अंशांत उघडतात. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत बसणे आणि उतरणे यांचा त्रास किती असतो ते मी माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत पाहिले आहे. काकूंना पौर्णिमेला डाकोरला न्यायचे असेल, तर हा गुण विसरू नकोस. तरीही वर्षाचे दोनशेच्या आसपास दिवस तू त्या गाडीत एकटा असशील, हे ध्यानात घेऊन माझा कल आय-२० एन लाइनकडे आहे, आणि तीही मॅन्युअल. दुहेरी क्लचची सात गियरची स्वयंचलित पेटी एक्सप्रेसवेवर लोण्यासारखी चालते यात शंका नाही. परंतु अहमदाबादच्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना तिचे कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले, क्लच तापतात, आणि वॉरंटी अडीच वर्षांत संपल्यावर त्या पेटीच्या दुरुस्तीचा खर्च साध्या क्लच प्लेटच्या कित्येक पट होईल.

सेकंड हँड पोलो जीटीचा विचार तुझ्या मनात आहे असे दिसते. २०२२ मध्ये ती बंद झाली, पण चांगल्या गाड्या अजून मिळतात आणि मला माझी मनापासून आवडते. फक्त यंदा बडोद्यात जुनी गाडी घेताना डोळ्यांत तेल घालून पाहा. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून बाजारात येतील हे उघड आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का ते पाहा, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का ते बोटाने चाचप, विम्याच्या दाव्यांची नोंद मागून घे, आणि आत सुगंधी फवारा जास्त मारलेला असेल तर सरळ परत फिर.

टायरांबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण त्या बाबतीत मी एकदा थोडक्यात वाचलो. पहिल्या गाडीला मी एका दुकानातून चार नवे टायर बसवले होते. मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा त्रेचाळिसावर असताना, आणंदच्या अलीकडे मागच्या उजव्या टायरचा वरचा थर सोलून निघाला आणि गाडी दुभाजकाकडे ओढली गेली. डावीकडे त्या क्षणी ट्रक नव्हता, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. नंतर पाहिले तर टायरच्या कडेवर निर्मितीचे चार अंक होते. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘नवा’ म्हणून विकलेला तो टायर मला बसवला तेव्हाच चार वर्षांचा झाला होता. टायर पुरता दिसेल अशा उजेडात ते अंक स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असतानाच हवा तपास. कमी हवेचा टायर वेगात अधिक लवतो, लवल्याने तापतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यात भर घालतो. तुझ्या चालीने टायरांचा एक संच दर वर्षी लागेल, तो खर्च आताच धरून ठेव. आणि शोरूममध्ये सतरा-अठरा इंचांची चाके लावून देतो असे कोणी म्हटले तर नाही म्हण. कंपनीची १६ इंचांची चाके आणि १९५/५५ मापाचा टायर यांत रबराची जी जाडी उरते, ती खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोहोचू देत नाही.

सूर्याचे म्हणशील तर आपले नशीब चांगले आहे. सकाळी वायव्येकडे जाताना आणि संध्याकाळी आग्नेयेकडे परतताना तो बहुतेक पाठीशीच असतो. त्रास आरशातून होतो : सकाळी सूर्याचा आणि रात्री मागच्या गाड्यांच्या प्रखर दिव्यांचा. म्हणून आपोआप मंद होणारा आतला आरसा ज्या प्रकारात मिळतो तो प्रकार घे, छतातली खिडकी नसली तरी चालेल. क्रूझ कंट्रोल असावे, मात्र पाऊस पडत असताना ते वापरू नये.

एवढे लिहूनही मुख्य गोष्ट कागदावर उतरत नाही. शोरूमवाले गाडी सकाळी देतात, तू ताजातवाना असतोस, पाच किलोमीटरांत गाडी उड्या मारते आणि माणूस भाळतो. दिवसभराचे काम आटोपून, पाठ आखडलेली असताना, अंधारात नडियादच्या पुढे सीट कमरेला टेकू देते का, धुराड्याचा घुमणारा आवाज शंभराच्या वेगात कानात साचतो का, दिव्यांचा झोत डावीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो का, हे त्या पाच किलोमीटरांत कळत नाही. मी गाडी घेताना हे केले नव्हते. माझी पोलो चांगली निघाली ते केवळ सुदैव. तुला मी तसे करू देणार नाही.

तेव्हा असे कर. नाताळच्या सुट्टीत तू येणारच आहेस. गुरुवारी, २६ तारखेला, सकाळी सातला माझ्याबरोबर अहमदाबादेस चल, दिवसभर तुझ्या नव्या कार्यालयाची कामे उरक आणि संध्याकाळी परतताना माझी गाडी तू चालव. शुक्रवारी सायंकाळी सहानंतर आय-२० एन लाइन आणंदच्या फाट्यापर्यंत नेऊन परत आणायला द्यावी, असे मी इथल्या विक्रेत्याशी बोलून ठेवले आहे. तो तयार आहे. शनिवारी अल्ट्रोझ मिळेल. त्या वेळी काकूंना मागच्या सीटवर बसवू आणि त्यांना डाकोरला जाऊन आल्यावरच काय वाटते ते विचारू.

वाहन परवान्याची मुदत तपासून ये. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
विनायक