गोरेवाड्याच्या काकांना

काका, स. न. वि. वि.

नाव विचारायचं राहूनच गेलं. जानेवारीतल्या रविवारी नागपूरच्या गोरेवाडा जंगलातल्या पायवाटेवर भेटलेले, माकडटोपी घातलेले, गळ्यात जुनी दुर्बीण अडकवलेले काका, एवढीच तुमची ओळख माझ्याजवळ आहे. नात मोबाइलवर मराठी वाचून दाखवते म्हणाला होतात, त्या भरवशावर इथे लिहितेय.

मी तेव्हा रडकुंडीला आले होते. वीसेक पावलांवर सागाच्या खालच्या फांदीवर शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, बसलेला, आणि माझ्या कॅमेऱ्यात एकतर काळा डाग, नाहीतर पुढची काटकी लख्ख आणि मागे राखाडी गोळा. लेन्सचे हप्ते अजून फिटायचे होते. मी आपली बटण दाबत सुटले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन इतकी घाई करून राहिली पोरी? त्याले का बस पकडाची हाय?"

खरं सांगते, राग आला होता. हातात कॅमेरा नसलेला माणूस मला शिकवणार! तुम्ही चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेत, तेही छत्तीस फोटोंच्या रोलवर, हे नंतर कळलं.

पहिलं काम म्हणजे तुम्ही मला तिथून हलवलंत. पक्ष्याच्या दिशेनं नाही, आडवं. चार पावलं डावीकडे आणि मग त्या मुरमाच्या ढिगावर. शिक्र्याच्या मागचं पांढरंफटक आकाश गेलं आणि लांबच्या बांबूंची सावली आली. "नवरी कुठं बसली ते कोनालेबी दिसते. तिच्यामागं ट्यूबलाइट हाय का, ते पाहा लागते," असं म्हणालात. आकाश मागे असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, मग तो पक्ष्याला काळवंडून टाकतो. तिथे उजेड मुद्दाम वाढवायचा. मागे गर्द सावली आणि पक्षी उन्हात असला तर उलट, नाहीतर छातीवरच्या तांबूस रेघा धुऊन निघतात. "बटनं तुही तू शोध, मले त्यातलं कळत नाही." शोधली. उजेड कमी-जास्त करायचं, एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं बटण दोन वर्षं माझ्या अंगठ्याखालीच होतं.

काटक्यांचं म्हणाल तर फोकसचा एकच बारीक बिंदू घेऊन तो डोळ्यावर ठेवला. तरी तो काटकीला चिकटायचाच, मग रिंग हातानं फिरवली. लेन्सच्या अगदी पुढ्यातली काडी तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवलं की विरघळते, पक्ष्याच्या अंगाला लागून असलेली विरघळत नाही. तिच्यासाठी पुन्हा अर्धं पाऊल सरकायचं, आणि श्वास रोखून.

आणि ती बीट, म्हणजे पक्ष्याची विष्ठा! "शेपूट उचलून घान टाकली का समज, आता उडते." खारी चिरचिरत होत्या, कोतवाल पक्षी शिक्र्याच्या डोक्यावरून झेपा घेत होता. शिक्र्यानं शेपटी उचलली, पांढरी धार सोडली, मी शटरचा वेग १/२००० सेकंदावर नेला आणि तो गेला. पंख अर्धा चौकटीबाहेर. तुम्ही इतके हसलात की माकडटोपी सारखी करावी लागली.

घरट्याची जागा विचारली तेव्हा मात्र तुम्ही सरळ तर्री पोह्यांवर गेलात. तेव्हा वाटलं, ऐकू कमी येत असेल. पुढे एका घरट्याखाली सात-आठ लेन्स रोखलेल्या आणि लांबच्या झाडावर चोचीत सरडा धरून ताटकळलेली मादी पाहिली, तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला नीट ऐकू येतं.

एप्रिलमध्ये कापशी घारीमागे लागले. उन्हाळ्यात नऊनंतर कॅमेरा पिशवीत घाल, असं म्हणाला होतात ते ऐकलं नाही. तापलेल्या माळावरची हवा थरथरत होती, दोनशे फोटोंत एकही पीस धड नाही. मी लेन्स दुरुस्तीला टाकायला निघाले होते!

त्या शिक्र्याचा बसलेला फोटो आठ बाय बाराच्या मॅट कागदावर काढून ठेवलाय. लालसर डोळ्यात उजेडाचा एक ठिपका आहे. डाव्या पंखावर एक काटकी राहिलीय; कॉम्प्युटरवर पुसता आली असती, पण तुमच्या धाकानं तशीच ठेवली. फोटो बॅगेतच असतो. रविवारी साडेसहाला मी त्याच वाटेवर असते. पोहे माझ्याकडून, तर्री तुम्ही म्हणाल तेवढी.

तुमची,
मुरमाच्या ढिगावरची पोरगी