गुडघ्याची गोळी आणि बायपासचं पोट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांवर पुरवण्यांमधून अधूनमधून लेख येतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, जुना ड्रेस पुन्हा अंगात बसला वगैरे. त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या जाऊबाईंची शुगर अशाच एका शस्त्रक्रियेनंतर, गॅस्ट्रिक बायपासनंतर, आटोक्यात आली, हे घरातच पाहिलंय. पण या लेखांत अल्सरचा उल्लेख सहसा दिसत नाही, म्हणून हे पत्र.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आम्ल झेलायची त्या आतड्याला सवय नसते, त्यामुळे जोडावर जखम, म्हणजे अल्सर, होऊ शकते. तंबाखू आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ही त्याची मोठी कारणं. (स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असा जोड नसतो, त्यामुळे आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं झालंय हे माहीत हवं.)

जाऊबाई हडपसरला राहतात. वजन उतरलं तरी गुडघे ठणकतच होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ‘गुडघ्यासाठी ना? ही घ्या’ म्हणत पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या. आत ॲसिक्लोफेनॅक, म्हणजे त्याच जातीची वेदनाशामक. चिठ्ठीशिवाय विकू नये, ही सूचना पट्टीच्या उरलेल्या तुकड्यासोबत दुकानातच राहिली. मग दर आठवड्याला चार गोळ्या.

पुढे जेवलं की छातीखाली कळ यायची. पित्त झालं म्हणून थंड दूध, धने-जिऱ्याचं पाणी सुरू. शौचाला काळं व्हायचं, तर ते लोहाच्या गोळ्यांमुळे असं सगळ्यांनी ठरवलं. बायपासनंतर त्या गोळ्या असतातच, आणि त्यांनी काळं होतंही. एक दिवस चक्कर येऊन पडल्या, तेव्हा दुर्बिणीने तपासलं. जोडावरच अल्सर, रक्त झिरपत होतं. आता आम्ल कमी करणारी कॅप्सूल उघडून आतले दाणे घ्यायला सांगितलंय.

बायपासच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये अशा गोळ्या टाळायची सूचना होती. शेवटून दुसऱ्या पानावर, इंग्रजीत, एका ओळीत. धूम्रपानाच्या रकान्यात ‘नाही’ अशी खूण. खरंच आहे, जाऊबाई कशाला विडी ओढतील! पण रोज सकाळी मिशरी लावतात, ते कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बाईला कोण व्यसनी म्हणतं?

रुग्णालयांनी पर्समध्ये मावेल असं मराठी कार्ड द्यावं: कोणतं ऑपरेशन झालं आणि कोणत्या गोळ्या चालणार नाहीत, नावानिशी. मेडिकलवाल्यांनी गोळी कापण्याआधी एवढं विचारावं. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

जाऊबाईंसाठी तसं कार्ड आम्ही घरीच लिहून दिलंय. परवा दातांच्या डॉक्टरांनी ते वाचून लिहिलेली गोळी खोडली आणि दुसरी दिली.

एक वाचक भगिनी,
धायरी, पुणे