आईच्या वजनाबद्दल, तुम्हा दोघांना

ती. आई-बाबा, सा. न.

इंदूरहून निघाल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. रविवारी बाबांनी पोहे-जलेबी आणली आणि आई, तू अर्धे पोहे गुपचूप माझ्या प्लेटमध्ये सारलेस, बोटाला लागलेला पोह्यांवरचा जीरावन मसाला चाटलास आणि म्हणालीस, माझं झालं. दुपारी नुसतं ताक. रात्री चक्कर आली म्हणून ओट्याला धरून उभी होतीस, तू नको म्हणालीस म्हणून बाबांना सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

त्या डॉक्टरांनी मान वर न करता "तोंडावर ताबा ठेवा" म्हटलं ते तू फार मनाला लावून घेतलंयस गं. आणि बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता की हिचं मेटाबॉलिझमच स्लो आहे, तेही बरोबर नाही. मी हिशोब केला. 78 किलो, 152 सेंटिमीटर, वय 61, मिफ्लिन-सेंट जोर फॉर्म्युल्याने आई दिवसभर नुसती पडून राहिली तरी तिच्या साधारण 1260 कॅलरी जळतात, तेवढ्याच उंची-वयाच्या 55 किलोच्या बाईच्या 1030 च्या आसपास. म्हणजे आईचं इंजिन जास्तच चालतंय.

मग वजन का उतरत नाही? चरबी हार्मोनसुद्धा बनवते. त्यातलं लेप्टिन 1994 साली सापडलं, ते मेंदूला कळवतं की साठा भरपूर आहे. चरबी जास्त तसं लेप्टिन जास्त, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्तच, पण लठ्ठपणात मेंदू त्याला दाद देईनासा होतो. आणि उपाशी राहून वजन उतरवलं की लेप्टिन एकदम पडतं, भूक खवळते, आरामातला कॅलरीचा खर्च वजनाच्या मानाने हवा त्याहून जास्त घटतो, वर स्नायूही झडतात. चातुर्मासात एकवेळ जेवून तू सहा किलो उतरवलेस आणि होळीपर्यंत सगळे परत आले ना, ते यामुळे. तुझ्या मनाचा निग्रह मी लहानपणापासून बघतेय, त्यात काही कमी नाही.

मला काळजी पोटाची आहे. पाळी गेल्यावर चरबी पोटाकडे सरकते आणि अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं जे चांगलं हार्मोन इन्सुलिनला मदत करतं ते लठ्ठपणात कमी होतं, मग शुगर, लिव्हर, बीपी सगळं ओढलं जातं. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढ, कंबर मोज, आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटिमीटरच्या आत हवी. जास्त निघाली तर घाबरू नकोस, वजन थोडंसं जरी उतरलं, अगदी 5 टक्के, म्हणजे तुझे चार किलो, तरी शुगरला फरक पडतो.

बाबा, या आठवड्यात तिला घेऊन जा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), लिव्हर आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्या, आणि चक्कर येते हे तुम्हीच सांगा, ती सांगणार नाही. डॉक्टर दुसरे बघा. जेवणात दोन्ही वेळा डाळ-उसळ, दही असू दे, संध्याकाळी दोघांनी नेहरू पार्कात चालून या, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, जमेल तेवढी.

रिपोर्टचे फोटो पाठवा. आणि आई, या रविवारी पोहे पूर्ण खायचे, मी व्हिडिओ कॉल करणार आहे.

तुमची
चिऊ